ध्वनिसहायक व यंत्राशी अनभ्यस्त माणूस

माणसाने बोलावे आणि यंत्राने ते ऐकून काम करावे ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ मध्ये ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. ते केवळ उच्चारलेले अंक ओळखीत असे, आणि आवाज परिचयाचा असला तरच ही ओळख भरवशाची ठरे. १९६२ मध्ये सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएम कंपनीने मांडलेल्या ‘शूबॉक्स’ ह्या यंत्राची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली होती. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, २०११ मध्ये, ॲपलच्या फोनमध्ये ‘सिरी’ आली. २०१४ मध्ये ॲमेझॉनची ‘अलेक्सा’ व २०१६ मध्ये ‘गुगल असिस्टंट’ ही साधने प्रचारात आली. व्हॉइस असिस्टंट ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या साधनांना प्रस्तुत लेखात ध्वनिसहायक म्हटले आहे.

भारतात अलेक्सा २०१७ मध्ये इंग्रजी घेऊन आली व २०१९ मध्ये हिंदी बोलू लागली. गुगलच्या सहायकाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये मराठीचा स्वीकार केला. २०२४ मध्ये त्याच कंपनीचे ‘जेमिनी’ हे नवे साधन नऊ भारतीय भाषांसह भारतात उपलब्ध झाले, व त्या नऊ भाषांत मराठीचा समावेश होता. ह्या घटनांमुळे एक समज दृढ झाला आहे. बोलता सर्वांनाच येते; तेव्हा ज्याला यंत्र हाताळता येत नाही त्याच्या सर्व अडचणी बोलणाऱ्या यंत्राने आपोआप सुटतील, असा तो समज होय. हा समज अर्धा खरा आहे. यंत्र शिकण्याचे जे ओझे वापरणाऱ्याच्या डोक्यावर होते, ते ध्वनिसहायकाने नाहीसे होत नाही. त्याचा बराचसा भाग दुसरीकडे सरकतो. काही भाग साधनाची मांडणी करून देणाऱ्या घरातील माणसावर पडतो, आणि काही भाग भाषेवर, म्हणजे त्या भाषेतील किती प्रकारचे बोलणे यंत्राला ऐकविले गेले आहे ह्यावर पडतो. हे स्थलांतर ध्यानात घेतल्यावाचून ह्या साधनाचे उपयोग व त्याच्या मर्यादा ह्यांचा उलगडा होत नाही.

१. संकोचाचे स्वरूप

यंत्राशी अनभ्यस्त असणे आणि निरक्षर असणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते; परंतु साक्षर माणूस फोनच्या पडद्यापुढे निर्धास्त असतो असे नाही. ज्याने जन्मभर खतावण्या लिहिल्या, ज्याचे मोडी अक्षरही वळणदार होते, अशा निवृत्त कारकुनाला फोनवर एक जोडाक्षर उमटविताना घाम फुटतो. त्याचे कारण त्याच्या बुद्धीत नसून साधनाच्या रचनेत आहे.

ह्या संकोचाचे तीन पदर दिसतात. पहिला शारीरिक. अक्षरे बारीक असतात, बोट थरथरते, आणि नको तेथे स्पर्श होऊन भलतेच पान उघडते. दुसरा पदर क्रमाचा. कोणते चिन्ह आधी दाबावयाचे व कोणते नंतर, हे पाठ करून ठेवावे तर काही महिन्यांनी रचना बदलते आणि पाठांतर फुकट जाते. तिसरा पदर लज्जेचा, आणि बहुधा तोच सर्वांत घट्ट असतो. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारताना नातवाच्या चेहऱ्यावर उमटणारी अधीरता पाहण्यापेक्षा न विचारलेले बरे, असे वडीलधाऱ्या माणसास वाटू लागते. ज्या घरात आजवर त्याला विचारून सारे होत असे, त्याच घरात प्रत्येक बारीक गोष्ट त्याने विचारावयाची, ही उलटापालट त्याला बोचते.

ध्वनिसहायक पहिल्या दोन पदरांवर काही प्रमाणात इलाज करतो. पण त्याचा खरा गुण तिसऱ्याशी संबंधित आहे. तेच वाक्य दहा वेळा विचारले तरी त्याच्या स्वरात फरक पडत नाही. ‘आज वार कोणता?’ हा प्रश्न दिवसातून पाच वेळा घरच्या माणसास विचारणे जड जाते, यंत्रास विचारताना संकोच वाटत नाही.

२. यंत्र ‘ऐकते’ म्हणजे काय करते

ध्वनिसहायकाचे कार्य चार पायऱ्यांनी होते. प्रथम ते एका ठरावीक हाकेची वाट पाहते. ही हाक ओळखण्याचे काम सामान्यतः साधनातच होते. हाक ऐकू आल्यावर त्यापुढील बोलणे बहुतेक वेळा इंटरनेटद्वारा कंपनीच्या दूरस्थ संगणकांकडे जाते. दुसऱ्या पायरीत ध्वनीचे शब्दांत रूपांतर होते. तिसऱ्या पायरीत त्या शब्दांमागील हेतू ठरविला जातो; म्हणजे बोलणाऱ्यास गजर हवा आहे, गाणे हवे आहे की कोणास फोन लावावयाचा आहे, ह्याचा निर्णय होतो. चौथ्या पायरीत काम केले जाते व उत्तर कृत्रिम आवाजात उच्चारले जाते.

ह्यांतील प्रत्येक पायरीवर चूक संभवते, आणि बोलणाऱ्यास ती कोठे झाली हे दिसत नाही. शब्द चुकीचे ऐकले गेले, की शब्द बरोबर असून हेतू चुकला, की केवळ इंटरनेट बंद आहे, ह्यांतील भेद अनुभवी माणूस अंदाजाने ओळखतो. अनभ्यस्त माणसाला मात्र सर्व अपयशे एकसारखी वाटतात, आणि तो दोष बहुधा स्वतःकडे घेतो.

३. दैनंदिन उपयोग

ह्या साधनाचे जे उपयोग नित्याच्या जीवनात खरोखर टिकतात ते साधे असतात. वेळ विचारणे, पहाटेचा गजर लावणे, चुलीवर ठेवलेल्या पदार्थासाठी दहा मिनिटांची वेळ धरणे ही त्यांतील पहिली. कणीक मळताना हात भरलेले असतात. त्या वेळी नुसत्या तोंडच्या शब्दाने काम होते, ही सोय यंत्रभीरू माणसालाच काय, कोणालाही आवडावी अशी आहे.

दुसरा उपयोग फोन लावण्याचा. परंतु येथेच ओझ्याचे स्थलांतर प्रथम स्पष्ट होते. ‘धाकट्याला फोन लाव’ असे आजीने म्हटले तरी फोनमध्ये त्या मुलाचे नाव इंग्रजी लिपीत, आडनावासह, कदाचित कचेरीच्या नावासह नोंदलेले असते. धाकटा, ताई, वन्सं, जावईबापू ही माणसे यंत्राच्या वहीत नसतात. कोणी तरी बसून ती नावे आजीच्या तोंडच्या शब्दांत पुन्हा नोंदली तरच तिची हाक योग्य ठिकाणी पोहोचते. हे काम पंधरा मिनिटांचे असते. पण ते झाले नाही तर साधन निरुपयोगी ठरते व दोष आजीच्या वयास दिला जातो.

तिसरा उपयोग ऐकण्याचा आहे. आकाशवाणीच्या सवयीवर वाढलेल्या पिढीला बातम्या, कीर्तन, नाट्यगीते हवी असतात. आणि आलेला निरोप वाचून दाखविणे व उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणे ह्यामुळे दृष्टी मंदावलेल्यांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू होऊ शकतो. चौथा उपयोग हिशेबाचा व मापांचा. चाळीस गुंठ्यांचा एकर ज्याच्या बोटांवर आहे त्याला हेक्टरमधील क्षेत्र ताडून पाहावयाचे असते. ठेवीवरील व्याज किती, उद्या पाऊस आहे काय, असे प्रश्न पडतात. सांधे धरलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसास दिवा-पंखा आवाजाने चालविता येणे हा पाचवा उपयोग. त्यासाठी मात्र घरातील विद्युत्साहित्य त्या प्रकारचे असावे लागते.

संकटकाळी हाक मारण्याचे साधन म्हणूनही ह्याचा विचार केला जातो. पडलेल्या माणसाचा आवाज यंत्रापर्यंत पोहोचला तर फोन लागू शकतो हे खरे. परंतु घरात ठेवलेला ध्वनिवर्धक वीज गेल्यावर मुका होतो, आणि इंटरनेट नसेल तर बहुतेक कामे होतच नाहीत. म्हणून शेजाऱ्याची किल्ली आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले क्रमांक ह्यांची जागा त्याने घेतली असे मानणे धोक्याचे होय.

४. प्रत्यक्ष वापराची साक्ष

यंत्रांचा क्वचितच वापर करणाऱ्या पासष्ट वर्षांवरील सात व्यक्तींच्या घरी तीन आठवडे ध्वनिसहायक ठेवून अमेरिकेत केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अलीशा प्रधान, अमांडा लाझार व लिआ फिंडलेटर ह्या त्याच्या लेखिका. सात ही संख्या लहान आहे. तथापि घरात राहून झालेले निरीक्षण म्हणून त्याचे महत्त्व आहे. माहिती विचारण्यासाठी, विशेषतः आरोग्यविषयक माहितीसाठी, ह्या व्यक्तींनी साधनाचा सातत्याने वापर केला. स्मरण देण्याची सोय मात्र प्रारंभी उपयुक्त वाटूनही प्रत्यक्षात रुजली नाही. कारण ती भरवशाची वाटली नाही. ह्या निष्कर्षाचा अर्थ सहज समजण्यासारखा आहे. गाणे चुकीचे लागले तर हसून सोडता येते. औषधाची आठवण एकदा चुकली तर माणूस पुन्हा गोळ्यांच्या डबीकडे व भिंतीवरील दिनदर्शिकेकडे वळतो, आणि ते त्याचे शहाणपणच असते.

दुसरा पुरावा भारतातील, आणि काहीसा अनपेक्षित आहे. गुजरातमधील ग्रामीण भागात ४५ व्यक्तींना घेऊन केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेलिफोनवरील माहितीसेवेचे दोन प्रकार ताडून पाहिले गेले. एकात पर्याय तोंडाने सांगावयाचा होता, दुसऱ्यात फोनवरील अंक दाबावयाचा होता. अंक दाबणाऱ्यांनी कामे अधिक प्रमाणात पूर्ण केली, आणि आठवीपेक्षा कमी शिक्षण असलेल्यांत हा फरक विशेष दिसला. त्या काळातील श्रवणतंत्र आजच्या मानाने दुबळे होते हे लक्षात घेतले तरी एक बोध शिल्लक राहतो. अंकाची कळ दाबली की ती दाबली गेली हे बोटाला कळते. उच्चारलेला शब्द यंत्राने घेतला की नाही हे कळण्यास तसा आधार नसतो.

ह्याच मुळाशी ध्वनिसहायकाची एक मोठी उणीव आहे. पडद्याचे साधन मांडलेल्या दुकानासारखे असते. माल समोर दिसतो व काय मागावे ते सुचते. ध्वनिसहायक बंद कपाटासारखा आहे. आत काय आहे हे ज्याला ठाऊक त्यालाच ते मागता येते. त्यामुळे अनभ्यस्त माणूस दोन-तीन शिकविलेली वाक्ये धरून बसतो. पुढे आणखी काय विचारता येईल हे त्याला कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही.

५. मराठीपुढील प्रश्न

भाषेवर पडलेल्या भाराचा विचार केला म्हणजे हा विषय भाषाभ्यासकांच्या अंगणात येतो. वेळ सांगण्याची मराठी रीतच पाहावी. सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा, दीड, अडीच ही रूपे जुन्या पिढीच्या तोंडी स्वाभाविक आहेत. ‘पावणेसहाला उठव’ ह्या वाक्यातील ‘पावणे’ हा अंश ऐकताना गळला तर गजर पंधरा मिनिटे उशिरा होतो, आणि गाडी चुकते. ‘परवा’ हा शब्द गेलेल्या व येणाऱ्या दोन्ही दिवसांना लागतो. अर्थ क्रियापदावरून ठरतो. संख्यावाचकांत ‘सदुसष्ट’ व ‘अडुसष्ट’ अशा जोड्या कानाला जवळच्या आहेत, आणि फोनचा क्रमांक किंवा रकमेचा आकडा सांगताना हे साम्य महागात पडू शकते.

उत्तर देतानाही अडचण आहे. च, ज, झ ही अक्षरे मराठीत तालव्य व दंततालव्य अशा दोन उच्चारांची वाहक आहेत, पण लिपीत तो भेद दिसत नाही. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य. लेखन एक, उच्चार दोन. लेखनावरून उच्चार बांधणाऱ्या यंत्राला हा भेद शब्दाशब्दाने शिकवावा लागतो. तो चुकला की वाक्य समजते, परंतु आवाज परका वाटतो. संबोधनाचेही तसेच आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला ‘तू’ म्हणणारे यंत्र मराठी घरात उद्धट ठरते. उलट यंत्राला मात्र ‘जरा भजन लाव गं’ असे सहज म्हटले जाते, आणि हे ‘जरा’ व ‘गं’ वगळून हेतू ओळखणे हे यंत्राचे काम असते.

सर्वांत गंभीर प्रश्न बोलींचा आहे. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. अनेक ठिकाणी ‘पाणी’चे ‘पानी’ होते. मालवणीची वाक्यरचनाच निराळी. यंत्र ज्या नमुन्यांवर शिकलेले असते त्या नमुन्यांच्या जवळचे बोलणे त्याला अधिक समजते. ह्याचा दाखला अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दिला. पाच मोठ्या कंपन्यांच्या श्रवणयंत्रणा तपासल्या असता गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात सरासरी शंभरांमागे १९ शब्द चुकले, तर कृष्णवर्णीय वक्त्यांच्या बोलण्यात ३५. भाषा एकच, इंग्रजी. तरी यंत्राचा कान सर्वांना सारखा नव्हता. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदविणारे सुमारे ८.३ कोटी लोक होते. त्या सर्वांची मराठी एक नाही, आणि यंत्राशी सर्वांत अनभ्यस्त असलेला माणूस प्रमाणभाषेपासूनही दूर असण्याचा संभव अधिक. म्हणजे ज्याच्यासाठी हे साधन विशेष उपकारक ठरावयाचे, त्याचेच बोलणे त्याला कमी समजावे, असा विपरीत योग येथे घडू शकतो. असा माणूस मग यंत्रापुढे शहरी मराठी बोलण्याची धडपड करतो. नातवापुढील संकोच गेला, पण भाषेचा नवा संकोच त्याच्या वाट्यास येतो.

ह्यावर उपाय अशक्य नाही. शेतमालाचे बाजारभाव फोनवर तोंडी विचारता यावेत ह्यासाठी २०१० नंतरच्या वर्षांत भारतीय संस्थांनी जो संयुक्त प्रकल्प चालविला, त्यात मराठीच्या कामासाठी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज नोंदविले गेले. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ ह्या खुल्या संग्रहात मराठी आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’च्या ‘भाषादान’ ह्या उपक्रमात कोणासही आपला आवाज देता येईल अशी योजना करण्यात आली. असे संग्रह वयस्कांच्या, स्त्रियांच्या व बोलीभाषकांच्या आवाजाने भरले तरच उणीव भरून निघेल.

६. पैसा, माहिती व खाजगीपण

चुकीची किंमत जेथे मोठी असते तेथे सोयीचा मोह आवरावा लागतो. साध्या फोनवरूनही रक्कम देता यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या मार्चमध्ये ‘यूपीआय १२३ पे’ ही योजना सुरू केली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ‘हॅलो यूपीआय’ ही बोलून पैसे देण्याची सोय हिंदी व इंग्रजीत जाहीर झाली. ज्यांना पडद्यावरील व्यवहार जमत नाहीत त्यांना ह्यामुळे वाट मिळते. परंतु रक्कम व घेणाऱ्याचे नाव यंत्राने परत उच्चारून संमती घेणे येथे अत्यावश्यक आहे, आणि गुप्त क्रमांक कोणाही समोर, यंत्रासमोरसुद्धा, मोठ्याने उच्चारू नये हा नियम अनभ्यस्त माणसास पहिल्याच दिवशी सांगावयास हवा.

माहितीच्या बाबतीतही सावधगिरी हवी. जुने ध्वनिसहायक न समजल्यास ‘समजले नाही’ म्हणून थांबत. विस्तृत भाषाप्रतिमानांवर आधारलेली नवी साधने मोकळे, अडखळते बोलणेही पुष्कळ समजून घेतात. पण ती चुकीचे उत्तरही तितक्याच सफाईने देऊ शकतात. छापील मजकुराखाली लेखकाचे नाव शोधता येते, बोललेल्या उत्तराचा उगम ऐकणाऱ्यास दिसत नाही. औषधाची मात्रा विचारण्याचे ठिकाण डॉक्टरच होय.

खाजगीपणाचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. ध्वनिसहायकांनी टिपलेल्या बोलण्याचे काही नमुने कंपन्यांची माणसे ऐकतात हे २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलांच्या आवाजाच्या नोंदी बाळगल्याच्या तक्रारीत ॲमेझॉनने २०२३ मध्ये अमेरिकेत अडीच कोटी डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. घरात असे साधन आणताना ते कोणासाठी आणले जाते आणि त्याला कोणकोणाचे बोलणे ऐकू जाते, हे दोन्ही प्रश्न वेगळे विचारावे लागतात. मुलाने परदेशातून आईसाठी पाठविलेला ध्वनिवर्धक आईच्या खोलीत असतो. त्याची संमती मात्र मुलाने दिलेली असते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, ध्वनिसहायकाची उपयुक्तता त्याला किती कामे येतात ह्यावरून मोजणे पुरेसे नाही. अनभ्यस्त माणसाच्या दृष्टीने तीन कसोट्या महत्त्वाच्या आहेत. झालेली चूक त्याची त्याला कळते काय? कळल्यावर दुसऱ्याच्या मदतीवाचून ती सुधारता येते काय? आणि नको असेल तेव्हा यंत्राला गप्प बसविणे त्याच्या हाती आहे काय? गजर, गाणी, हवामान व फोन ही कामे ह्या कसोट्यांना बहुधा उतरतात. औषधांची आठवण अंशतः उतरते. तेथे यंत्राला दुय्यम स्थान द्यावे. पैशाचे व्यवहार संमतीच्या व पडताळ्याच्या अटीवरच उतरतात.

शिकविणाऱ्यानेही ह्याच क्रमाने जावे. एका वेळी एक काम घ्यावे. वाक्य शिकणाऱ्याच्या तोंडचे असावे, पुस्तकातले नसावे. फोनमधील नावे त्याच्या नात्यांच्या शब्दांत नोंदावीत. आणि यंत्र चुकले असता ‘ते चुकले’ असे स्पष्ट म्हणावे, म्हणजे दोष माणसाच्या माथी बसत नाही. ह्यापलीकडचे काम घरात होण्यासारखे नाही. ते बोलींचे नमुने गोळा करणाऱ्या, संख्यावाचकांचे व संबोधनांचे नियम मांडणाऱ्या आणि यंत्राचा कान कोणास किती ऐकतो हे जिल्ह्याजिल्ह्यांत मोजून पाहणाऱ्या अभ्यासकांचे आहे. मराठीच्या बाबतीत अशा मोजणीला पुष्कळ वाव आहे, आणि तिच्यासाठी लागणारी सामग्री प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक ओसरीवर बोलत बसलेली आहे.